संगणक बंद करण्याचीही एक रीत असते

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

जालना शहरात गेली वीस वर्षं मी घरगुती संगणकांची दुरुस्ती करतो. बदनापूर, अंबड, परतूर, मंठा इथूनही मशीन येतात. कुणी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून आणतं, कुणी एसटीत मांडीवर घेऊन येतं. या सगळ्या तक्रारींची वर्गवारी केली तर एक गोष्ट ठळक दिसते. संगणक काम करताना क्वचितच अडतो. तो अडतो चालू होताना, नाहीतर बंद होताना. आणि अडल्यावर पडद्यावर काहीतरी सांगत असतो, ते आपण वाचत नाही आणि टिपूनही ठेवत नाही. म्हणून आज या तीनच गोष्टींबद्दल बोलणार आहे: बंद करणं, चालू करणं आणि पडद्याचं चित्र टिपणं, म्हणजेच स्क्रीनशॉट.

विषय किरकोळ वाटेल. पण आता घरच्या संगणकावर प्रवेशपरीक्षेचे, शिष्यवृत्तीचे, नोकरीचे अर्ज भरले जातात. दुकानाचा हिशेब त्यातच असतो. गेलेल्या आजी-आजोबांचे फोटोही त्यातच असतात. मशीन सुरू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ फॉरमॅट मारला की मशीन सुरू होतं, पण आतलं सगळं पुसलं गेलेलं असतं. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

आधी बंद करण्याबद्दल. आपल्या मोंढ्यातला मुनीम कसं काम करतो ते आठवा. दिवसभर मालाच्या नोंदी तो चिठ्ठ्यांवर करतो आणि संध्याकाळी त्या खातेवहीत उतरवतो. खतावणी होण्याआधीच कुणी चिठ्ठ्या उधळल्या तर वहीचा मेळ बसेल का? संगणकाचंही तसंच आहे. चालू असताना त्याचं काम रॅम नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत चाललेलं असतं. वीज गेली की ती कोरी होते. कायमची नोंद होते ती हार्ड डिस्कवर. आपण ‘शट डाउन’ करतो तेव्हा तो उघडे प्रोग्रॅम मिटतो, राहिलेल्या नोंदी डिस्कवर उतरवतो आणि मग स्वतःहून वीज तोडतो. विंडोज ९५ च्या काळात काम संपलं की ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर यायचा आणि मग आपण बटण दाबायचो. आता तो संदेश येत नाही, पण आतली आवराआवर तशीच चालते.

अनेक घरांत मात्र पडदा काळा झाला न झाला तोच भिंतीवरचा स्विच बंद होतो. डब्यावरचा दिवा विझेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. ‘अपडेट चालू आहे, वीज बंद करू नका’ असा संदेश असेल तर जेवण करून या, पण स्विचला हात लावू नका. अर्धवट राहिलेलं अपडेट हे दुसऱ्या दिवशी मशीन सुरू न होण्याचं मोठं कारण आहे. समोरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं. हा उपाय फक्त पूर्ण गोठलेल्या मशीनसाठी. रोजची ती सवय नको.

आता एक गंमत सांगतो. पुष्कळ लोक म्हणतात, ‘मी रोज रात्री शट डाउन करतो, तरी मशीन मंद का?’ २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन करून ठेवते आणि सकाळी तीच उचलून पुन्हा सुरू होते. म्हणजे रोज रात्री नवी सुरुवात होतच नाही. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’खाली ‘अप टाइम’ असं लिहिलेलं असतं. रोज बंद होणारं मशीनही तिथे कधी कधी वीस-वीस दिवस सलग चालू असल्याचं दाखवतं.

‘रीस्टार्ट’चं मात्र तसं नाही. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर मिटून नव्याने सुरू होतं. म्हणून प्रिंटर ऐकत नाही, आवाज येत नाही, इंटरनेट जुळत नाही अशा वेळी शट डाउनपेक्षा रीस्टार्ट उपयोगी पडतं. आठवड्यातून एकदा करावं. शिफ्टची कळ दाबून ‘शट डाउन’ निवडलं तरी मशीन पूर्ण बंद होतं. बंद होताना सतत अडचण येत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढून पाहावी. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच.

आणखी एक तक्रार असते: ‘बंद केला की आपोआप पुन्हा चालू होतो.’ घरच्यांना वाटतं बटण अडकलं. कधी तेही असतं. पण पुष्कळदा बंद होता होता आत एखादा बिघाड होतो, आणि बिघाड झाला की स्वतःहून रीस्टार्ट हो, असं विंडोजला आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे बिघाडाचा संदेश क्षणभर चमकून नाहीसा होतो. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढली की तो संदेश पडद्यावर थांबतो आणि वाचता येतो. निम्मं निदान तिथेच होतं.

आता चालू होण्याबद्दल. ‘सुरू होत नाही’ हे वाक्य म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं आहे. कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो, ते पाहा.

दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. भिंतीवरचा स्विच, पिनची ढिली बसलेली टोकं, यूपीएस, डब्याच्या मागचा छोटा स्विच, याच क्रमाने पाहा. घर झाडताना मागचा छोटा स्विच दाबला गेलेला असतो आणि मशीन मात्र जालन्यापर्यंत येऊन पोहोचतं, असंही पाहिलं आहे.

पंखा फिरतो पण पडदा काळा, तर मॉनिटरची केबल आणि रॅम तपासावी. डब्यातून पीप-पीप आवाज येत असेल तर किती वेळा आणि लांब की आखूड, ते मोजा. ती मशीनची खुणेची भाषा असते. आपल्याकडे धुळीला तोटा नाही. मातीची धूळ आहे, जिनिंगच्या आसपास कापसाचा भुसा आहे, कारखान्यांच्या भागात लोखंडी कण आहेत. रॅमच्या पट्टीवर थर बसला की संपर्क तुटतो. प्लग काढून, पट्टी अलगद बाहेर घेऊन तिची सोनेरी कड खोडरबरने पुसली की कितीतरी मशीन पुन्हा बोलू लागतात. ज्यांनी कधी डबा उघडलेला नाही त्यांनी हे एकदा जाणकारासमोर करावं.

कंपनीचं नाव दिसतं आणि गाडी तिथेच थांबते, तेव्हा आधी पेनड्राइव्ह लावून ठेवलेला नाही ना ते पाहा. मशीन त्यातूनच सुरू व्हायला बघत असतं. डब्यातून टक-टक असा आवाज येत असेल तर हार्ड डिस्क आजारी आहे. तेव्हा पुन्हा पुन्हा चालू करू नका. आतला डेटा आधी काढून घ्यायला सांगा.

तारीख रोज मागे जाते आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, ही तक्रार ऐकली की लोक व्हायरसला दोष देतात. बहुतेकदा कारण असतं मदरबोर्डवरची नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी. ती संपली की वीज तुटल्यावर संगणक तारीख विसरतो. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते आणि चुकीच्या तारखेमुळे ते अवैध ठरतं. थोड्या रुपयांच्या बॅटरीने काम होतं. एवढ्यासाठी फॉरमॅट मारणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

विंडोजची खूण दिसते, मग मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि हे चक्र थांबत नाही, तेव्हा ‘सेफ मोड’ कामाला येतो. त्यात विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींनिशी उभी राहते, आणि नुकताच टाकलेला प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर काढून टाकता येतो. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता, सुरू होता होता कोसळू लागले. आपल्या देशातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. असंख्य मशीनवर उपाय काय करावा लागला? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढून टाकली. फॉरमॅट नाही. विमानतळावरच्या मशीनला जे चालतं, ते अंबडच्या घरातल्या मशीनलाही चालतं. मात्र नेमकं काय बिघडलं ते माहीत असावं लागतं.

इथे तिसरी गोष्ट येते, पडद्याचं चित्र. कीबोर्डवर वर उजवीकडे ‘प्रिंट स्क्रीन’ नावाची कळ असते. ती दाबूनही काही होत नाही, अशी सार्वत्रिक तक्रार आहे. बहुधा झालेलं असतं, पण दिसत नाही. चित्र क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागी गेलेलं असतं. पेंट उघडून कंट्रोल आणि व्ही दाबलं की ते उमटतं. मग ते सेव्ह करावं लागतं.

मंठा तालुक्यातल्या एका मुलीने अर्ज भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी फी भरली. पावतीचं पान आलं, तिने प्रिंट स्क्रीनची कळ दाबली आणि निश्चिंत झाली. दहा मिनिटांत वीज गेली. क्लिपबोर्ड हीसुद्धा चिठ्ठीच. ती वहीत उतरलीच नव्हती. भावाने सहज मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला होता म्हणून अर्जाचा क्रमांक हाती राहिला.

म्हणून सोपी रीत लक्षात ठेवा. विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. चित्र थेट ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये जमा होतं. तिथे सापडलं नाही तर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये पाहा. पडद्याचा तुकडाच हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस. लॅपटॉपवर कधी सोबत ‘एफ-एन’ ही कळही दाबावी लागते. चित्रपटाच्या साइटवर चित्र काळं आलं तर दोष मशीनचा नाही, ते संरक्षण मुद्दाम घातलेलं असतं. आणि मशीन सुरूच होत नसेल तेव्हा स्क्रीनशॉट कसा घेणार? तेव्हा मोबाइलने फोटो काढा. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर खाली लिहिलेला ‘स्टॉप कोड’ त्यात नीट यायला हवा. तो फोटो दुरुस्ती करणाऱ्याला पाठवलात तर कदाचित मशीन घेऊन यायचीही गरज पडणार नाही. फक्त ओटीपी आणि खाते क्रमांक दिसणारं चित्र कुणालाही पाठवू नका.

शेवटी विजेबद्दल, कारण आपल्याकडे बहुतेक आजारांचं मूळ तिथे आहे. भारनियमनाचे ते दिवस आता मागे पडले, पण वळवाच्या वाऱ्यात तारा अजूनही एकमेकींना भिडतात आणि वीज क्षणात जाऊन क्षणात येते. ही ये-जा संगणकाला सगळ्यात घातक. घरगुती यूपीएस घ्या, पण तो तास-दोन तास काम करण्यासाठी नसतो. काम सेव्ह करून रीतसर बंद करण्याएवढा वेळ मिळावा, इतकाच त्याचा हेतू. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका. दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी उतरते. वीज जाताच मशीनही बंद पडलं तर ती बदला. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा धुळीने गच्च झालेला पंखा आतली उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो. डबा भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, कपाटात कोंडू नका. उन्हाळ्याआधी एकदा साफ करून घ्या.

संगणकाजवळ एक साधी वही ठेवा. कधी बिघडला, त्याआधी नवीन काय टाकलं होतं, पडद्यावर काय आलं, एवढं लिहा. महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवा. आणि मशीन दुरुस्तीला देताना पहिला प्रश्न तुम्ही विचारा, ‘डेटा काढून घेतला का?’ त्याचं उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका. मशीन बाजारात नवं मिळतं, पण त्यातले आजोबांचे फोटो कुठेही विकत मिळत नाहीत.