फिरत्या कॅमेऱ्याची साक्ष



विषयाला प्रारंभ करण्यापूर्वी आम्ही आपणांस एक लहानसे काम सांगणार आहोत. एक डोळा मिटा. हाताचे बोट वीतभर अंतरावर धरा आणि त्याच्या आड मंडपाचा एखादा खांब येईल असे करा. आता तो डोळा उघडून दुसरा मिटा. बोट हलले नाही, खांबही हलला नाही. तरी बोट खांबावरून बाजूला सरकले! पाहण्याची जागा दोनअडीच इंच बदलली, एवढेच. आजच्या व्याख्यानातील निम्मे शास्त्र या बोटात आहे.

टेकडीवर उभे राहून आपण मान फिरवतो आणि सारा मुलूख पाहून घेतो. कॅमेऱ्याला मान नाही. ती त्याला द्यावी, हा विचार फार जुना आहे. पॅरिसमध्ये १८४५ च्या सुमारास फ्रीडरिश फॉन मार्टेन्स याने हाताने भिंग फिरवून सुमारे १५० अंशांचे चित्र घेतले. पुढे अमेरिकेत १९०४ साली विल्यम जॉन्स्टन याने ‘सर्कट’ कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले. घड्याळासारख्या किल्लीवर तो तिपाईवर गरगर फिरे आणि त्याच वेळी आतली फिल्म एका अरुंद फटीमागून सरके. शाळांचे, पलटणींचे लांबलचक समूहचित्र त्यावर निघे. मंडळींना कमानीत बसवावे लागे. तेव्हाच प्रत्येकाचे अंतर सारखे राहून चित्रात ओळ सरळ दिसे. एखादा खोडकर मुलगा डावीकडे फोटो निघताच मागून धावत उजवीकडे जाऊन उभा राही आणि एकाच चित्रात दोनदा झळके!

आता किल्लीच्या जागी विजेची मोटर आली आहे आणि फिल्मच्या जागी सुटे सुटे फोटो. हिशेब सोपा आहे. पन्नास मिलिमीटरचे भिंग, पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या मापाचा कॅमेरा उभा धरला, तर एका फोटोत आडवे सुमारे २७ अंश मावतात. शेजारच्या दोन फोटोंत तिसरा हिस्सा सामाईक ठेवला, तर मोटरने दर वेळी १८ अंश वळावे. वीस थांब्यांत प्रदक्षिणा पूर्ण! मोटर थांबावी, थरथर निवावी आणि मगच फोटो घ्यावा. उजेडाचे माप आणि नेम आरंभी ठरवून कायम ठेवावेत. नाहीतर आकाशाला ठिगळे पडतात. पुढे संगणक हे तुकडे शिवतो.

आणि ते बोट? कॅमेरा फिरावयाचा तो त्याच्या बुडाच्या स्क्रूभोवती नव्हे, तर भिंगातून प्रकाश जेथून आत शिरताना दिसतो त्या बिंदूभोवती. जवळ एक काठी, दूर दुसरी, अशा एका रेषेत रोवा. कॅमेरा फिरवूनही त्या एकमेकींआड राहिल्या, तर जागा बरोबर. दूरच्या डोंगराला ही चूक खपते. समोरच्या माणसाला खपत नाही.

या युक्तीचा पल्ला पाहा. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाड्यांच्या डोलकाठीवर असाच फिरता कॅमेरा होता. त्या अनुभवातून ‘गिगापॅन’ हे यंत्र सामान्यांच्या हाती आले. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांच्या शपथविधीचे चित्र डेव्हिड बर्गमन याने त्यावर घेतले: २२० फोटो, सुमारे १४७ कोटी ठिपके! लाखोंच्या गर्दीतले चेहरे त्यात शोधता येतात.

पण श्रोतेहो, असे चित्र एका क्षणाचे असते काय? एका थांब्याला तीन सेकंद धरले, तरी पहिला आणि शेवटचा फोटो यांत सुमारे मिनिटभराचे अंतर पडते. त्या मिनिटाने आम्हांला एकदा चांगलेच शिकवले. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. पहिल्या ओळीत आमचे वृद्ध गुरुजी बसले होते. सातव्या आणि आठव्या फोटोच्या दरम्यान कोणीतरी हाक मारली, त्यांनी मान वळवली. संगणकाने अर्धा चेहरा इकडचा, अर्धा तिकडचा जोडला. आम्ही न तपासता प्रती वाटल्या. काही महिन्यांनी गुरुजी गेले आणि त्यांच्या कन्येने तेच चित्र पुढे ठेवून विचारले, “यात बाबा कुठे आहेत?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

सुदैवाने सुटे फोटो आम्ही जपले होते. आठव्या फोटोत गुरुजींचा चेहरा पूर्ण होता; हाकेला ओ देताना हसरा. शिवण बाजूला सरकवून तो बसवला. आम्ही चेहरा रंगवला नाही. जे घडले त्यातलेच निवडले. दुरुस्ती आणि बनावट यांतली सीमा आम्ही येथे मानतो.

तेव्हापासून माणसांच्या चित्रात आम्ही तिसरा नव्हे, निम्मा हिस्सा सामाईक ठेवतो. पूर्ण फेरीला वीसऐवजी सत्तावीस फोटो लागतात, पण प्रत्येक चेहरा दोनदा तरी टिपला जातो. आणि शिवलेले चित्र झाले म्हणून सुटे फोटो टाकून देत नाही. शिवलेले चित्र हा निकाल. सुटे फोटो ही साक्ष. निकाल चुकू शकतो. साक्ष जपली असेल, तरच तो पुन्हा तपासता येतो.