वाळीत टाकणं आणि कायदा

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. नरसीच्या नामदेवांना कीर्तनातून उठवलं, ते मागे जाऊन बसले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. कोणाला बाहेर ठेवायचं हे धर्मानं ठरवावं का, हा प्रश्न तेव्हापासूनचा!

१९४९ साली मुंबई राज्यानं समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा धर्मगुरू न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. कारण दिलं धर्मस्वातंत्र्याचं.

२०१६ मध्ये महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला. रोख जातपंचायतींवर होता. पण भेदभावाच्या कारणांत त्यात लैंगिकतेचाही उल्लेख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मुलगा समलिंगी निघाला म्हणून जातीनं त्याच्या घराशी येणं-जाणं तोडलं, मयतीला खांदा द्यायला कोणी फिरकलं नाही, तर तो घरगुती मामला उरत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत. लग्नाला मात्र २०२३ मध्ये न्यायालयानं मान्यता दिली नाही. खासगी मालकानं नोकरी वा खोली नाकारली, तर समलिंगी माणसासाठी वेगळा कायदा आजही नाही. ही उणीव मोठीच.

बहिष्काराची तक्रार मात्र पीडित व्यक्ती किंवा घरातलं कोणीही पोलीस ठाण्यात, नाहीतर थेट दंडाधिकाऱ्यांकडे करू शकतं.