लिहिणाऱ्या मुलीचं कॉलेज

(वारूळवाडी येथे बचतगटातल्या महिला आणि बारावी झालेल्या मुली यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि निकाल हातात घेऊन बसलेल्या पोरींनो,

टोमॅटोचा हंगाम सुरू आहे. क्रेट भरायचे सोडून तुम्ही दोन तास इथे येऊन बसलात, म्हणून लांबण न लावता मुद्द्यावर येते.

गेल्या महिन्यात एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, मला लेखनातच पदवी घ्यायची आहे. कुठल्या कॉलेजात जाऊ?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "लिहून का कुणाचं पोट भरलंय? जवळच्या कॉलेजात टाकू, लग्न जमेपर्यंत." या दोन वाक्यांबद्दलच मला आज बोलायचं आहे.

आधी माझं सांगते. मलाही लिहायचं होतं. कॉलेज निवडलं माझ्या चुलत्यांनी. का, तर तिकडची एस.टी. आमच्या दारावरून जायची. तिथे पुस्तक हवं असेल तर चिठ्ठी द्यायची, शिपाई आतून आणून देईल ते घ्यायचं. कपाटापर्यंत मुलींनी जायचं नाही. वार्षिक अंकात मुलींनी रांगोळी, पाककृती नि सुविचार द्यायचे. मी आईवर लिहिलं होतं, कांदा भरताना तिची कंबर कशी जायची त्यावर. सरांनी ते परत दिलं. म्हणाले, "घरातलं असं चारचौघांत मांडू नये." दुसऱ्या वर्षाला माझी सुपारी फुटली आणि कॉलेज संपलं. पुढे दोन मुलं झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, रात्री सगळे झोपल्यावर. त्या विद्यापीठाचे माझ्यावर उपकार आहेत. १९८९ साली ते नाशिकला निघालं नसतं तर माझ्यासारख्या कितीजणी तशाच राहिल्या असत्या. पण "घरी बसूनच शिक की" हे वाक्य आता मुलींना कॉलेजला न पाठवायला वापरलं जातं, तेव्हा मला राग येतो. घरी बसलेल्या मुलीला शिकायला वेळ देतं कोण?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. इंग्लंड-अमेरिकेत अशा पदव्या आहेत. मुलं कथा-कविता लिहून वर्गात वाचतात, त्यावर चर्चा होते, त्याचेच गुण मिळतात. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या कॉलेजांत सरळ 'लेखन' नावाची पदवी मिळत नाही. जवळची वाट म्हणजे मराठी हा मुख्य विषय घेऊन बी.ए. २०२४ मध्ये अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. आद्य मराठी कवयित्री महदाइसा जिथे वावरली, तेच हे रिद्धपूर. पण इथून ते फार दूर. पुण्यात एस.एन.डी.टी.चं आवार आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली खास स्त्रियांसाठी काढलेलं हे विद्यापीठ. आणि आपल्या पायाशी नारायणगाव, जुन्नर, ओतूर, मंचर इथली कॉलेजं आहेतच.

ओतूरचं नाव घेतलं म्हणून सांगते. १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले ओतूरला होत्या. मोठा दुष्काळ होता. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. माणसं कशी होरपळताहेत, सत्यशोधक कार्यकर्ते काय करताहेत, ते सगळं त्यात आहे. २०१४ पासून पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. म्हणजे तुमच्या पदवीच्या कागदावर ज्या बाईचं नाव छापलेलं असेल, तिने याच तालुक्यात बसून डोळ्यांसमोरचं लिहून ठेवलं. आणि फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईने, मांग समाजातल्या एका शाळकरी मुलीने, मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला कुणी म्हटलं नाही की घरातलं दुःख मांडू नकोस. शाळा कशी असावी, याचं माझ्या मते हे पहिलं माप आहे.

तुम्ही म्हणाल, बहिणाबाई कुठल्या कॉलेजात गेल्या होत्या? ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली ती काय पदवी घेऊन? खरं आहे. पदवीने लेखिका होत नाही. पण बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने उतरवून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या, पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहायच्या आणि वह्या नवऱ्यापासून लपवून ठेवायच्या. अशा किती वह्या चुलीत गेल्या, त्याची मोजदाद नाही. नारायणगावला आपण तमाशाची पंढरी म्हणतो, विठाबाईंचं नाव अभिमानाने घेतो. पण वगाचा लेखक म्हणून बाईचं नाव पुकारलेलं तुम्ही कितीदा ऐकलंय?

म्हणून मी म्हणते, मुलीच्या दृष्टीने ही पदवी म्हणजे कागद नंतर, आधी हक्काचा वेळ आहे. तीन-चार वर्षं, ज्यात वाचत बसली तर "काम नाही का तुला?" असं कुणी म्हणणार नाही. कॉलेज निवडायचं ते हा वेळ कुठे नीट मिळेल ते बघून.

त्यासाठी प्रवेशाआधी एक दिवस काढा, मुलीला घेऊन कॉलेजात जा. इमारत, फाटक, नॅकची श्रेणी बघून परत येऊ नका. पाच गोष्टी विचारा.

एक, ग्रंथालयात मुलींना कपाटापर्यंत जाता येतं का? ते किती वाजेपर्यंत उघडं असतं, आणि तुमची एस.टी. कधीची आहे?

दोन, मराठी हा मुख्य विषय म्हणून खरोखर चालतो का, की नुसता माहितीपत्रकात आहे? शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर? तासिकेवर राबणाऱ्या कितीतरी मॅडम जीव तोडून शिकवतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण दरवर्षी माणूस बदललं तर तुमची वही चिकाटीने वाचणार कोण?

तीन, मुलांनी लिहिलेलं कुणी वाचतं का? मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अंक मागून घ्या. मुली कशावर लिहितात ते बघा. नुसता पाऊस आणि आई थोर एवढंच असेल, तर समजून घ्या.

चार, अंतर्गत तक्रार समिती आहे का? २०१३ च्या कायद्याने ती असायलाच हवी. तिच्यातल्या बाईंचं नाव तिथल्या मुलींना माहीत आहे का?

पाच, लांबचं कॉलेज असेल तर वसतिगृह कसं आहे? मुलींना कितीला आत घेतात, मुलांना कितीला?

पाचही उत्तरं बरी आली तर नारायणगावचं कॉलेज पुण्यापेक्षा चांगलं, पायी जाता येईल. नाही आली, तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर पुणं आहे, पाठवा. जवळचं म्हणून वाईट नाही आणि पुण्याचं म्हणून चांगलं नाही. पण "जवळचं" या एकाच कारणाने ठरवू नका.

मला माहीत आहे, खर्च आहे, भीती आहे. बारावीपर्यंत पोरींचा पास फुकट होता, आता सवलतीचा का होईना पैसे भरून काढावा लागेल. संध्याकाळी उसाच्या कडेने येताना बिबट्याचं भय, हे काही खोटं नाही. पण बिबट्याच्या भयाने मुलाचं कॉलेज बंद झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. मुलींनी गटाने यावं, शेवटच्या गाडीची वेळ बदलून मिळावी, रस्त्यावर दिवे लागावेत, हे आपण ग्रामसभेत मागू शकतो. आपल्या बचतगटाने आगाराला अर्ज दिला तर तो एकट्या आईच्या अर्जापेक्षा जड पडेल.

आणखी एक सावधगिरी. नव्या शिक्षण धोरणात तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स आणि मध्येच थांबलं तरी प्रमाणपत्र अशी सोय केली आहे. अडचणीत सापडलेल्या मुलीसाठी ती चांगली आहे, सोडलेलं शिक्षण पुन्हा धरता येतं. पण आपल्याकडे तिचा उपयोग कसा होईल ते मला दिसतं. पहिल्या वर्षानंतर स्थळ येईल आणि कुणीतरी म्हणेल, "प्रमाणपत्र मिळालं ना, झालं की मग!" आयांनो, तेव्हा तुम्ही मध्ये उभ्या राहा. सोय मुलीसाठी आहे, सोयरिकीसाठी नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. त्या आईने विचारलं ते चुकीचं नव्हतं. कथा-कवितेवर पोट भरत नाही, हे मी लपवणार नाही. पण शुद्ध आणि नेमकं लिहिता येणं ही कमाईची गोष्ट आहे. भाषांतर, मुद्रितशोधन, वर्तमानपत्र, आकाशवाणी, संस्थांचे अहवाल, स्पर्धापरीक्षा, सगळीकडे ते लागतं. सोबत इंग्रजी नाहीतर संगणकावरचं मराठी टंकलेखन पक्कं करा. आणि पोरींनो, कमाईआधीही लिहिण्याचा उपयोग आहे. सातबारावर आईचं नाव लावायचा अर्ज, पोलिसांत द्यायची तक्रार, गटाचा ठराव हे दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागतं, तोवर आपलं म्हणणं दुसऱ्याच्या शब्दांत जातं.

ती मुलगी आज इथे आहे. मी तिला कॉलेजचं नाव सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिने आईला घेऊन दोन कॉलेजं पाहिली आहेत, तिसरं या आठवड्यात पाहणार आहेत. पाच प्रश्न वहीत लिहून नेले होते. उत्तरं तिने लिहून घेतली. फॉर्मही तीच भरणार आहे, चुलते नाहीत.

आता तुमचे प्रश्न विचारा. मागे बसलेल्या पोरींनी आधी विचारा.