भोजनाच्या टेबलावरील आरास



भोजनाच्या टेबलाच्या मधोमध शोभेसाठी काय मांडावे, हा विषय एका निवृत्त शिक्षकाने भाषणाला घ्यावा, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. परंतु घरात साखरपुडा, बारसे किंवा साठीशांत निघाली की हा प्रश्न थेट यजमानाच्या खिशाशी येऊन भिडतो. अशा प्रसंगी सजावटीचे काम बाहेरच्या मंडळींकडे सोपविण्याची चाल शहरात पडली आहे. ज्यांस परवडते त्यांनी ते खुशाल सोपवावे. मला बोलावयाचे आहे ते, ज्यांस परवडत नाही आणि परवडत नाही असे म्हणावयास संकोच वाटतो, त्यांच्यासाठी. चार पाहुण्यांत मान खाली घालावी लागू नये अशी आरास पुण्यातील कोणत्याही बेताच्या स्थितीतील घरात, घरच्याच भांड्यांतून व मंडईतल्या जिनसांतून, दोन तासांत मांडता येते, असे माझे म्हणणे आहे.

टेबल हे आपल्या घरात उशिरा आलेले पाहुणे आहे. पूर्वी पाट मांडून पंगत बसे, तेव्हा आरास प्रत्येकाच्या पानाभोवती असे. रांगोळीची महिरप, दोन पानांच्या मध्ये उदबत्ती आणि पंगतीच्या टोकाशी समई, एवढ्यावर ती पुरी होई. आणि गरीब घरची महिरप श्रीमंताच्या महिरपीहून काही कमी सुबक नसे, कारण रांगोळीला पैसा लागत नाही, हात लागतो. टेबल आले, आणि ही सगळी शोभा पानाभोवतून उठून मधोमध गोळा झाली. त्याबरोबर एक अडचणही आली. टेबलावर माणसे समोरासमोर बसतात. मध्ये उंच फुलदाणी ठेवली की व्याही व्याह्याला दिसत नाही, आणि दोघेही जेवणभर निशिगंधाच्या दांड्यांशी बोलत राहतात!

म्हणून पहिला नियम उंचीचा. खुर्चीवर बसून कोपर टेबलावर टेकावे व मूठ सरळ उभी धरावी. ती साधारण एक फूट उंच येते. त्या मुठीच्या वर आरास जाऊ देऊ नये. लांबी टेबलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नको. नाहीतर वरणाचे पातेले ठेवावयास जागा उरत नाही, आणि आयत्या वेळी घाईने फुले उचलून खिडकीत ठेवावी लागतात.

आता भांडे. यासाठी काचेचे काही विकत आणू नये. माळ्यावर पडलेली पितळेची परात किंवा तांब्याचे उथळ ताट पुरे. आपल्या पुण्याची तांबट आळी अशाच भांड्यांसाठी नावाजलेली, आणि जुन्या घरांत त्यातले एखादे भांडे काळे पडून बसलेले सापडतेच. चिंचेचा कोळ व मीठ लावून ते घासावे. चिंचेतील आम्ल वरचा काळा थर विरघळवते आणि खालचा धातू वर येतो. धुऊन लगेच कोरडे पुसावे, नाहीतर डाग पडतात. धातूचे भांडे नसेल तर कुंभाराकडची पसरट मातीची थाळी किंवा बुरुडाने विणलेली परडीही शोभते. परडीत मात्र पाणी धरणारी वाटी आत लपवावी लागते.

अशा परातीत काय करावे, तर माझ्या मते सर्वांत उत्तम म्हणजे पाण्यावरची रांगोळी. आमच्या पिढीतील पुष्कळ गृहिणींस ही येत असे, आणि शाळेत पृष्ठताण शिकविण्यास मला याहून चांगले साधन कधी मिळाले नाही. परात टेबलावर जेथे राहावयाची तेथेच ठेवावी. भरल्यावर हलवू नये. काठाखाली दोन बोटे राहतील इतके पाणी भरावे, पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्या आणि पाणी पूर्ण निवांत होऊ द्यावे. मग शंखजिऱ्याची बारीक पूड पातळ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पाण्याच्या वर वीतभर अंतरावरून हलकेच झटकावी. शंखजिरे पाण्याने भिजत नाही, म्हणून ते तळाशी न जाता पृष्ठभागावर पांढऱ्या सायीसारखे पसरते. या सायीवर रंगीत रांगोळी, चिमूट अगदी जवळ नेऊन, कमी कमी सोडत जावी. एकाच ठिकाणी ढीग झाला की पडदा फाटतो व नक्षी बुडते. म्हणून रेषा बारीक ठेवाव्या आणि आकृती साधी घ्यावी: एखादे कमळ, एखादी कोयरी, फार तर मोर. गोपद्मे व बारीक कलाकुसर जमिनीवर करावी.

ज्यांचा हात थरथरतो त्यांनी पाण्याखालची रांगोळी काढावी. कोरड्या ताटाच्या तळाला तेलाचा पातळ हात फिरवावा, त्यावर रांगोळी काढावी आणि मग काठावरून, वाटीच्या कडेने, धारही न दिसेल इतक्या सावकाश पाणी सोडावे. तेल कणांस धरून ठेवते. वर स्वच्छ पाणी आणि तळाशी रंग, असे पाहून पाहुण्यांस हे कसे केले याचा उलगडा होत नाही. खर्च विचाराल तर मूठभर रांगोळीचा.

फुलांविषयी थोडे अधिक बोलतो, कारण पैसा येथेच वाया जातो. गणपती व दसऱ्याच्या दिवसांत फुलांचे भाव चढतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवसांत आरास पानांची करावी व फुले पाच-सातच घ्यावी. शेवंती, अॅस्टर व झेंडू ही टिकणारी फुले. जास्वंद सुंदर खरी, पण दिवस मावळला की मिटते. रात्रीच्या जेवणास तिचा उपयोग नाही. निशिगंध, केवडा व सोनचाफा यांस जेवणाच्या टेबलावर आणू नये. त्यांचा वास सायंकाळी दिवाणखान्यात हवासा वाटतो, परंतु मसालेभाताच्या वासात मिसळला की दोहोंची गोडी जाते. देठ तिरपा कापावा, शक्यतो पाण्यात बुडवून, म्हणजे देठात हवा शिरून पाण्याची वाट अडत नाही. पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावी. ती कुजली की फुलेही लवकर मान टाकतात.

फुले उभी धरून ठेवण्यास बाजारात एक हिरवा, हलका, पाणी पिणारा ठोकळा मिळतो. तो एका जातीच्या प्लास्टिकचाच असून मातीत कुजत नाही. आपल्याकडे केळीचा बुंधा असताना तो घेण्याचे कारण काय? बुंध्याचा चार बोटे जाड तुकडा आडवा ठेवावा, दाभणाने भोके पाडावी व त्यांत देठ खोचावे. बुंधा अंगचाच ओला असल्याने फुलांस दिवसभर पाणी पुरवतो. त्याखाली केळीच्या पानाची लांब पट्टी अंथरावी. पट्टी विस्तवावरून हलकेच फिरवून घेतली तर मऊ पडते, फाटत नाही, आणि तिचा रंगही गडद होतो.

पाच-सात फुलांत काय होणार, असे वाटत असेल तर सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात एक फेरी मारावी. ते जपानातील ओकायामा शहराच्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. तेथे डोळ्यांस सुख होते ते झाडांच्या गर्दीने नव्हे, तर मोकळ्या राखलेल्या हिरवळीने व पाण्याने. जपानी पुष्परचनेतही तोच विचार आहे. एक उंच, एक मध्यम व एक आखूड अशा तीन फांद्या. आणि मधली रिकामी जागा ही चौथी वस्तूच समजावयाची. आपली मंडळी रिकामी जागा दिसली की तेथे झेंडू भरतात.

फुलांवाचूनही चालते, हे आपल्या चैत्रगौरीने पूर्वीच दाखविले आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत कोणत्याही सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करावयाचे, आणि आरास कसली, तर कलिंगडाचे कापलेले कमळ, काकडीची नक्षी, कैऱ्यांचा घोस, भिजवलेले हरभरे. सायंकाळी डाळ-पन्ह्याबरोबर ते कलिंगड खाऊन संपते. जी वस्तू मांडली ती वाटूनही दिली, असा हिशेब दुसऱ्या कोणत्या सजावटीत बसतो? याच्या उलट थर्माकोल पाहा. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली त्याच्या सजावटीवर बंदी घातली, तोपर्यंत कित्येक घरांतून दरवर्षी मखर आणले जाई आणि दहा दिवसांनी ते फेकावे कोठे, हा प्रश्न पडे. बंदी योग्यच झाली. फक्त ती सरकारला घालावी लागली, हे मला बरे वाटले नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे कन्येचा साखरपुडा घरीच निघाला. घर दोन खोल्यांचे, मिळवता एकटा. सजावटीसाठी त्याला जो आकडा सांगण्यात आला तो घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याइतका होता, आणि पतपेढीतून तेवढे कर्ज काढावे की काय, असे विचारावयास तो माझ्याकडे आला. मुलीकडील माणसे कमी पडली असे कोणी म्हणू नये, एवढीच त्याची धास्ती. मी काही उत्तर देण्यापूर्वी, बरोबर आलेल्या त्याच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “माझ्या लग्नातली परात आहे ना अजून!” त्या दिवशी टेबलावर ती परात, पाण्यावर काढलेली दोन कमळे, केळीच्या पट्टीवर पांढरी शेवंती, एवढेच होते. मुलाच्या आईने जेवणाआधी आजींस बाजूला घेऊन शंखजिरे कोठे मिळते, हे विचारून घेतले. कर्ज निघाले नाही.

राहता राहिला दिवा. उंच समई टेबलावर नको. काचेच्या पेल्यात तीन हिस्से पाणी घ्यावे व वर बोटभर जाडीचे गोडे तेल ओतावे. तेल पाण्याहून हलके, म्हणून वरच राहते. पातळ बुचाच्या चकतीवर पत्र्याचा तुकडा बसवून, दोहोंस भोक पाडून त्यातून वात ओवावी व ती तेलावर तरंगत सोडावी. तेल संपले की वात पाण्यास टेकते व दिवा आपोआप विझतो. मुले असलेल्या घरी ही मोठी सोय आहे. असे तीन पेले पुरेत. त्यांपैकी एकही पाण्यावरच्या रांगोळीच्या अगदी जवळ ठेवू नये, कारण वात सारखी करावयास कोणी वाकले आणि श्वास लागला, तरी कमळाची पाकळी सरकते.

पाहुणे गेल्यावर रांगोळीचे पाणी मोरीत ओतू नये. पूड नळीत बसते. रात्रभर तसेच ठेवले तर बरीचशी पूड तळाशी उतरते. सकाळी वरचे पाणी कुंड्यांना घालावे, आणि उरलेला गाळ वर्तमानपत्रावर वाळवून डब्यात भरावा. रंग मिसळून तो करडा झालेला असतो, पण उंबऱ्याबाहेरच्या ठिपक्यांना चालतो.