जुन्या मोटारीचे रबर आणि कारागिराचा हात



कामगार संघटनेतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संप आणि टाळेबंदी यांवरच बोलणार, असे आपण धरून चालला असाल. आम्ही आज एका चिमुकल्या इंग्रजी मोटारीच्या चाकांविषयी बोलणार आहोत. तरी आमचा नेहमीचा विषय सुटलेला नाही, हे थोड्याच वेळात आपल्या ध्यानी येईल.

ही मोटार म्हणजे मिनी. १९५६ च्या सुएझ-संकटात इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली आणि लहान गाडीची निकड भासली. अलेक इसिगोनिस यांनी आराखडा केला. ऑगस्ट १९५९ मध्ये गाडी बाजारात आली. लांबी जेमतेम १० फूट, चाके १० इंची, आणि आत चार माणसांची सोय. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे ६०० किलो. चार माणसे व सामान चढले की त्यात जवळजवळ निम्म्याची भर पडते. एकट्या चालकाला सुखावणारी मऊ स्प्रिंग चौघांच्या भाराखाली बसणार, आणि चौघांना पेलणारी ताठ स्प्रिंग एकट्याची हाडे खिळखिळी करणार! या पेचातून अलेक्स मोल्टन यांनी वाट काढली. त्यांनी पोलादी स्प्रिंगच्या जागी रबराचा शंकू बसवला. रबर दाबावे तितके अधिक ताठ होत जाते, आणि जागाही थोडी व्यापते.

पण रबर म्हातारे होते. वर्षानुवर्षे भार सोसून ते चपटे होते, गाडी खाली बसते, खड्ड्यात दणके देते. जुनी मिनी नव्याने उभी करणारे हौशी लोक अशा वेळी पोलादी स्प्रिंगा बसवून मोकळे होतात. कोणी एकाच बाजूचे रबर बदलतो आणि मग गाडी कलते म्हणून कुरकुरतो. रंग मात्र आरशासारखा! बडा घर पोकळ वासा, दुसरे काय?

‘मूळचा भाग’ म्हणजे काय, हे आधी ठरवले पाहिजे. जुना तुकडा तोच मूळचा, असे मानणे भाबडेपणाचे आहे. धातूचे दांडे व बाहू मोजून शाबूत निघाले तर ते साफ करून पुन्हा घालावेत. रबर मात्र मूळच्या आराखड्याचे, पण नवे घ्यावे, आणि जोडीने बदलावे. १९६४ पासून काही वर्षे मिनीच्या सलून गाड्यांत पुढची-मागची चाके द्रवाच्या नळीने जोडलेली असत. १९६९ ते १९७१ च्या दरम्यान त्या पुन्हा रबरावर आल्या. तेव्हा आपली गाडी कोणत्या जातीची, हे आधी पाहावे.

आता खरी गोष्ट. पुढचे रबर काढताना ते खास स्क्रूने दाबून धरावे लागते. जुन्या व नव्या रबरांचे आटे निराळे असतात. ते न तपासता जोर केला तर कारागिराच्या बोटांवर बेतते. मागच्या बाहूत नवा बुश ठोकला म्हणजे काम संपत नाही. तो समोरच्या बेअरिंगच्या सरळ रेषेत, शाफ्टच्या मापाला, रीमरने कातावा लागतो. पुढे वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही तर शाफ्ट झिजतो आणि चाक तिरपे होते.

गाडीचा मालक सुट्या भागांचे पैसे निमूट मोजतो. घासाघीस करतो ती मजुरीत. मजुरी कापली की प्रथम गळते ते डोळ्यांना न दिसणारे काम: ते रीमर फिरवणे, ते माप पुन्हा घेणे. त्याचा जाब विचारला जातो वळणावर, आणि तोही गाडीत बसलेल्यांना.

ऑक्टोबर २००० मध्ये लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची जुनी मिनी बाहेर पडली. तोवर त्या गाडीची संख्या ५३ लाखांवर गेली होती. एप्रिल २००५ मध्ये तो कारखाना चालवणारी कंपनी बुडाली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. साचा जपून ठेवला तर रबराचा शंकू पुन्हा ओतता येतो. पांगलेल्या हातांतली समज कोणत्या साच्यात ओतणार? ती एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जाते, आणि त्यासाठी शिकणाऱ्या पोराला पोटभर मजुरी लागते.

म्हणून आमचे मागणे एवढेच: जुनी वस्तू मूळच्या रूपात हवी असेल, तर बिलातली मजुरीची ओळ कापू नका. मूळचा भाग पेटीत येतो. मूळचे काम माणसाबरोबर येते.