नाव आपलं, पत्र परक्याचं

(पाथरी येथे संस्थेच्या सहकारी मित्रांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



वसतिगृहाचा आणि ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचा अहवाल तुमच्या हातात आहे, म्हणून तो वाचून दाखवत नाही. आज मला ईमेलबद्दल बोलायचं आहे. मागे बसलेली तरुण मंडळी हसताहेत, पण थोडं ऐकून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आपल्या काही देणगीदारांना संस्थेच्या नावाने एक ईमेल आला. वसतिगृहातली एक मुलगी दवाखान्यात आहे, आजच पैसे हवेत, मी बैठकीत आहे म्हणून फोन करू नका, असा मजकूर. खाली माझं नाव. तो ईमेल आपला नव्हता. एका निवृत्त परिचारिका भगिनींनी पेन्शनमधले नऊ हजार रुपये पाठवले. ही बाब उघडकीला आली ती त्यांच्या फोनमुळे, आणि तो फोन पैशासाठी नव्हता. मुलीची तब्येत कशी आहे, हे त्या विचारत होत्या.

नऊ हजार गेले. त्याहून जास्त लागलं ते पुढचं. दिवाळीनंतर मुलांच्या फीसाठी आपलं खरं पत्र गेलं, तेव्हा आठवड्यात उत्तर देणारी माणसं गप्प राहिली. एका बंधूंनी सरळ विचारलं, "हे तरी तुमचंच ना?" त्यांचं काही चुकलं नाही. पण फीची तारीख कुणासाठी थांबत नाही.

दुसऱ्याच्या नावाने ईमेल पाठवणं इतकं सोपं कसं? पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहावं, पोस्टमन ते तपासत नाही. ईमेलचंही तसंच. ईमेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले, तेव्हा जाळं लहान होतं, बहुतेक विद्यापीठांतल्या आणि संशोधनसंस्थांतल्या माणसांचं. नाव खरं की खोटं, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. आजही ईमेल त्याच पायावर चालतो, तपासणी नंतर वरून जोडली आहे.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाच्या नावाने भलतंच पत्र गेलं असावं, अशी काळजी दुसऱ्या पत्रात दिसते. म्हणून शेवटी पौल सांगतो की सलाम मी स्वतःच्या हाताने लिहितो, आणि माझ्या प्रत्येक पत्राची खूण तीच. पत्र लेखनिकाने लिहिलेलं असेल, खूण मात्र त्याच्या हाताची.

ईमेलला अशी खूण हवी. ती कशी असते ते सांगण्याआधी लबाडीचे प्रकार पाहू, कारण एकाच चाळणीने सगळे अडत नाहीत. पहिला प्रकार साधा: नाव माझं, पत्ता कुठलातरी फुकटचा. फोनवर फक्त नाव दिसतं, म्हणून माणूस फसतो. नावाशेजारच्या बाणावर बोट ठेवलं की पत्ता उघडा पडतो. दुसऱ्यात पत्ता आपल्यासारखाच दिसतो, एखादं अक्षर इकडचं तिकडे. २०१५ साली ओएनजीसीच्या बाबतीत हेच झालं. नाफ्था घेणाऱ्या सौदी अरेबियातल्या ग्राहकाशी लबाडांनी पत्रव्यवहार केला आणि पैसे भलत्या खात्यात वळवले. रक्कम सुमारे १९७ कोटी. मुंबईत गुन्हा दाखल झाला. पत्त्यातल्या 'ओएनजीसी'चं 'ओजीएनसी' झालं होतं, एवढंच! तेलाच्या धंद्यातली मुरलेली माणसं जिथे चुकली, तिथे आपल्या परिचारिकाबाईंना कोण बोल लावणार? तिसऱ्या प्रकारात पत्ता हुबेहूब आपलाच असतो. डोळ्यांना फरक दिसतच नाही.

या तिसऱ्यासाठी तीन खुणा आहेत. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्रं टाकायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची मोहोर. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. पण एसपीएफ तपासतं ते पाकिटावरचं नाव, तुम्हाला दिसतं ते आतल्या पत्रावरचं. लबाड पाकिटावर स्वतःचा पत्ता घालून पास होतो आणि आत माझं नाव लिहितो. म्हणून तिसरी खूण, डीमार्क: जो पास झाला तो आणि आत ज्याचं नाव आहे तो एकच का, हे ती पाहते, आणि नसेल तर काय करायचं तेही सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांवर ईमेल पाठवणाऱ्यांना गूगलने या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. आपण तेवढे पाठवत नाही, तरी आपण त्या लावून घेतल्या. संगणकावर जीमेल उघडून 'शो ओरिजिनल' दाबलं की तिन्हींसमोर 'पास' की 'फेल' ते दिसतं.

आता तुमच्या हातातला नियम. जीमेलच्या शोधात 'फ्रॉम' लिहा, पुढे दोन टिंबं, मग अवतरणात संस्थेचं नाव. एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून पुन्हा 'फ्रॉम', दोन टिंबं आणि आपलं डोमेन, म्हणजे पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग. अर्थ असा की नाव आमचं सांगतो पण आमच्या घरून आलेला नाही, तो पकड. मग 'क्रिएट फिल्टर' करून त्यावर 'तपासा' असं लेबल लावा. नाव सांगून येणाऱ्या पहिल्या दोन्ही प्रकारांना हे जाळं पुरतं. तिसऱ्याला नाही, कारण तिथे पत्ता आपलाच दिसतो. कार्यालयात आम्ही थंडरबर्ड वापरतो. त्यात तपासणीच्या नोंदीत डीमार्क 'फेल' असलेला ईमेल बाजूला काढायचा नियमही करता येतो. जीमेलच्या फिल्टरला ती नोंद वाचता येत नाही.

आणि एक करू नका. आमची पत्रं स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून काही जण प्रेमाने आमच्या पत्त्यावर 'नेव्हर सेंड इट टु स्पॅम' लावून ठेवतात. मग आमचा पत्ता चोरणाऱ्यालाही तेच दार उघडं मिळतं.

लेबल लावा म्हटलं, 'डिलीट करा' म्हटलं नाही. त्याला कारण आहे. आपले कार्यकर्ते तोडीच्या मोसमात साखर कारखान्याच्या कोप्यांवर मुलांमागे फिरतात. तिथून कुणाच्यातरी फोनवरून, अनोळखी पत्त्यावरून, विषय कोरा ठेवून जातीच्या दाखल्याचा फोटो येतो. यंत्राला तो स्पॅमच दिसणार. स्पॅममधला ईमेल तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो, आणि आंध किंवा पारधी घरातल्या मुलाची शिष्यवृत्ती त्या फोटोवर अडलेली असते. कडक चाळणी लावून शहाणपण मिरवणाऱ्यांचं मला पटत नाही. कार्यालयात दर सोमवारी आणि गुरुवारी एक जण स्पॅम आणि 'तपासा' दोन्ही डोळ्यांखालून घालतो.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. परदेशातल्या मित्रांना कधी ईमेल आला की आमचं खातं बदललं, तर थांबा. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि तीही नोंदणी किंवा परवानगी असलेल्या संस्थेच्याच. दुसरं कुठलंही खातं सांगणारं पत्र आमचं असूच शकत नाही. आणि पैसे गेलेच तर लाजून बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडण्याची आशा. परिचारिका भगिनींचा फोन आमच्याकडे चौथ्या दिवशी आला.

आमच्या डोमेनवर डीमार्क सध्या 'अडवू नका, फक्त कळवा' इतकंच सांगतं. याचा अर्थ हुबेहूब आपल्या पत्त्याचा खोटा ईमेल आजही तुमच्यापर्यंत पोचू शकतो. पण मंडळ्यांच्या ईमेल-गटांतून पुढे जाणारी आपली खरी पत्रंही कधी कधी 'फेल' होतात, म्हणून तीन महिने अहवाल पाहून मगच ती 'स्पॅममध्ये टाका'वर नेऊ. तोवर पैसे मागणारं कुठलंही पत्र आलं तर या अंकामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करा. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नको. आता बाहेर चहा तयार आहे. ज्यांनी फोन आणलेत त्यांनी पत्ता कसा उघडायचा ते बघून जावं, आणि नियम करायचा असेल त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत दोन लॅपटॉप मांडले आहेत. पासवर्ड मात्र स्वतःच टाका, मला सांगू नका.