विद्येचे दार



सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पण त्या देशातही विद्येचे दार सर्वांस सारखे उघडत नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डची वंशाधारित प्रवेशनीती घटनाबाह्य ठरविली. त्याच खटल्यातील आकडेवारीवरून असे दिसते, की तेथे प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण हेरून घेतलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची वा अध्यापकांची मुले, अथवा प्रवेशप्रमुखांच्या खास यादीतले होते. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण १६ टक्क्यांहूनही कमी. नौकानयन, तलवारबाजी शिकावयासही आधी ऐपत लागते. या वारशाला मात्र निकालाने हात लावला नाही.

वर्गणीअभावी एकाही मुलास आपल्या ग्रंथालयाच्या दारातून परतावे लागू नये, एवढीच शताब्दीनिमित्त प्रार्थना.